आधी खोट, मग पुस्तक

माझी वहिनी काय काम करते हे लोकांना समजावताना माझी नेहमी तारांबळ उडायची. पुस्तकांच्या दुकानात असते म्हटलं की समोरचा विचारायचा, "हिशोबाला का?" नाही. "मग गल्ल्यावर?" तेही नाही. नव्या निघालेल्या कादंबऱ्या आणि कथासंग्रह आधी आपण वाचायचे आणि मग कुणी काय वाचावं ते सांगायचं, हे तिचं काम. आमच्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "बसून गोष्टी वाचायचा पगार! नवरा पंखे उघडून हात काळे करतो आणि ही गोष्टी वाचते," असं ती वहिनीच्या तोंडावर म्हणायची. वहिनीचं उत्तर ठरलेलं. "सासूबाई, तुम्हाला तर त्याच गोष्टी घरबसल्या फुकट मिळतात. मग तक्रार कसली?" आई विषय तिथेच सोडायची, कारण जेवणं झाल्यावर वहिनी जे काही सांगायची ते तिलाही हवंच असायचं.

दुकान चष्मेवाल्याच्या आणि इस्त्रीवाल्याच्या गाळ्याच्या मधोमध. पुढून अरुंद, आत बोळासारखं लांबच लांब, शेवटी गोदाम. दारातून शिरलं की पहिलंच एक टेबल. त्याचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली कुणाचं तरी न खपलेलं आत्मचरित्र सरकवलेलं. त्या टेबलावर फक्त नवी पुस्तकं. शनिवारी सकाळी गठ्ठे सुटायचे, सुतळीचे तुकडे पायात यायचे, कोऱ्या कागदाचा आणि खळीचा वास सुटायचा, आणि वहिनीची माणसं एकेक करून यायला लागायची.

यांना नुसती गिऱ्हाइकं म्हणून भागणार नाही. वाचायचं वेडच लागलेली माणसं ती. वहिनीने प्रत्येकाला एक नाव ठेवलेलं होतं. बँकेतल्या एक बाई होत्या, त्या जेवताना वाचायच्या, बसच्या रांगेत वाचायच्या, शनिवारी नेलेलं पुस्तक रविवारी संध्याकाळी संपवून बसायच्या. त्यांचं नाव घाईबाई. एक गृहस्थ दुकानातच शेवटचं पान उघडून वाचायचे, मग पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवायचे. ते शेवटआधी. एका काकांना जन्मात कुठलं पुस्तक आवडलं नव्हतं, तरी दर आठवड्याला नवं न्यायचे आणि पुढच्या आठवड्याला तोंड वाकडं करून परत यायचे. ते लिंबूकाका. मी त्या घोळक्यात वहिनीची नणंद म्हणून उभी असायचे. माझं वाचन इतकं सावकाश की मला नाव मिळालं गोगलगाय.

वहिनीची सांगायची पद्धत वेगळी होती. ती आधी खोट सांगायची.

"ही लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची कादंबरी. खोट अशी, की पहिली पन्नास पानं नुसतं वर-खाली, वर-खाली. तेवढी सोसा. मग तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो, आणि तुम्हीही."

"या गोष्टींमधल्या दोन अगदी फालतू आहेत. कुठल्या ते सांगणार नाही, तुमच्या तुम्ही शोधा. पण भाड्याची खोली सोडताना एक बाई आरसा विसरून जाते, ती गोष्ट एकटी सगळं भरून काढते."

"ही दोघी बहिणींची. हिच्यात लेखिकेने हात राखलाय. जिथे दुखत होतं तिथपर्यंत आली आणि मागे फिरली. लिंबूकाका, तुम्ही नेऊ नका. शिव्या मला खाव्या लागतील."

लिंबूकाका नेमकं तेच न्यायचे.

हात राखलाय, हे तिच्या लेखी सर्वांत मोठं पाप. बाकीचं ती माफ करायची. शेवट घाईत उरकला, नायिका फार गुणी झाली, सगळं चालवून घ्यायची, पण लेखकाने हात राखला की तिचा चेहरा पडायचा. आणि एक नेम तिने कधी मोडला नव्हता. प्रकाशक एक प्रत आधी पाठवायचे, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याशिवाय ती पुस्तकाबद्दल तोंड उघडायची नाही. "अर्धं वाचून कसं सांगू? अर्ध्या रस्त्यापर्यंत बघून कुणी सांगेल का, की पूल धड आहे म्हणून?" असं म्हणायची.

म्हणून लोक तिच्या शब्दावर पुस्तक न्यायचे. खरं सांगायचं तर त्या शब्दाशिवाय तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. मूलबाळ झालं नाही, शिक्षण बेताचं, राहायला एक खोली आणि स्वयंपाकघर. पण शनिवारी त्या टेबलाशी उभी राहिली की मोठमोठी माणसं तिच्या तोंडाकडे बघत थांबायची.

ही आधी खोट सांगायची सवय तिची नव्हती, माझ्या दादाची. दादा पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. कुणी पंखा घेऊन आलं की दादा आधी सांगणार, "याचं हे गेलंय, ते गेलंय, आणि दुरुस्त केला तरी आवाज थोडा राहीलच. चालेल?" गिऱ्हाईक वैतागायचं. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, असं सांगून कोण येईल तुझ्याकडे?" तर म्हणाला, "येवो न येवो. मला रात्री झोप लागते." त्याने स्वतः कधी पुस्तक उघडलं नाही. पण वहिनी गोष्ट सांगायला बसली की हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच ठेवून ऐकायचा, आणि तिने तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "आधी खोट सांग."

दादा गेला तेव्हा दुपार होती. बरेच दिवस दवाखान्यात होता. मी त्याचे धुतलेले कपडे आणायला घरी गेले होते. परत आले तर वहिनी बाहेरच्या बाकावर बसलेली. मला बघून म्हणाली, "झोपेतच गेले. काही बोलले नाहीत, काही मागितलं नाही." आईने पुढचे दिवस त्या एका वाक्यावर काढले. आल्या-गेल्याला सांगायची, माझा मुलगा झोपेत गेला, त्याला काही कळलं नाही. आणि मी रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसले की माझं पहिलं वाक्य तेच असायचं. देवा, माझ्या भावाला तू झोपेत नेलंस, त्याला काही मागायची वेळ आणली नाहीस, तुझे उपकार. मग बाकीची मागणी.

वहिनी थोड्याच दिवसांत कामावर जायला लागली. त्या सुमारास दुकानात एक सर येत. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. शनिवारच्या गर्दीत ते कधी पुढे यायचे नाहीत, मागे कोपऱ्यात उभ्या-उभ्या वाचत राहायचे. वहिनीने त्यांना नाव ठेवलं होतं कोपऱ्यातले सर. दुपारी दुकान रिकामं असताना ते यायचे आणि दोघांच्या गप्पा व्हायच्या. गप्पा म्हणजे वहिनी बोलायची आणि ते ऐकायचे.

"सरांशी बोललं की हलकं वाटतं हो वन्सं," ती मला म्हणाली होती.

"बघ हं. लोक काहीबाही बोलतील."

"बोलू देत. त्यांना म्हणावं, आधी खोट सांगा."

मीही हसले. देवाशपथ सांगते, मला बरंच वाटलं होतं. दादा गेल्यापासून तिच्या तोंडावर पहिल्यांदा थोडी कळा दिसत होती.

मग एक दिवस कळलं की सर कादंबरी लिहितायत. त्यांनी टाइप केलेली पानं वहिनीला वाचायला दिली, पण अर्धीच. "शेवट छापून आल्यावर वाचा मॅडम. तुमचीच मजा जाईल." वहिनी ती पानं पिशवीत घालून माझ्याकडे आली. पोरीबाळींसारखी खूश. "वन्सं, आपलंच दुकान आहे! टेबलाचा आखूड पायसुद्धा घेतलाय. आणि टेबलाशी एक बाई आहे, काय बोलते माहितीये? अगदी फाडफाड."

"तूच की मग."

"मी कसली. ती कितीतरी हुशार आहे."

पण मान अशी ताठ झाली होती की मला वेगळं विचारायची गरज नव्हती. अख्खं आयुष्य दुसऱ्यांबद्दलची पुस्तकं वाचण्यात गेलं, आता एका पुस्तकात आपण. कुणाला नाही आवडणार?

छापखान्यात काहीतरी अडचण झाली आणि पुस्तकं ऐन शनिवारी सकाळी टेम्पोतून थेट दुकानात आली. आधी प्रत मिळालीच नाही. मालकांनी सगळ्यांना फोन करून बोलावून ठेवलेलं. सर नवा शर्ट घालून आलेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कोपऱ्यात न थांबता टेबलाच्या बाजूला उभे. सगळे वहिनीकडे बघत होते. तिने गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक उचललं, उघडलं, वास घेतला.

लिंबूकाका म्हणाले, "हं. खोट?"

वहिनीने सरांकडे बघितलं, मग आमच्याकडे. म्हणाली, "खोट नाही. डोळे मिटून न्या."

मग कुणीतरी म्हणालं, "मॅडम, सरांनी चहा-बिहा पाजलेला दिसतोय!" आणि एकच हशा झाला. पण तिने आजवर असं कधी म्हटलं नव्हतं, म्हणूनच प्रत्येकाने प्रत उचलली. घाईबाईंनी दोन घेतल्या, एक बहिणीला. मला वहिनीने आपल्या हाताने दिली. "घ्या वन्सं. गोगलगाईनेसुद्धा पळावं असं आहे."

सोमवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, वहिनी माझ्या दारात. केस विंचरलेले नाहीत, चपला उलट्या पायांत.

"वन्सं, ते पुस्तक द्या. छपाईत घोळ झालाय, पानं पुढेमागे लागलीत. बदलून आणते."

"मला तर नीट दिसली."

"पुढे आहे तो घोळ. कुठपर्यंत आलात?"

"ती बाई टेबलाखाली पुस्तक सरकवते ना, तिथपर्यंत."

तिने असा श्वास सोडला, जसं काही अंगावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं. "बरं झालं," म्हणाली.

"काय बरं झालं?"

"लवकर लक्षात आलं ते." आणि चहाही न घेता गेली.

बदललेली प्रत काही आली नाही. विचारलं की दुसरंच कुठलं तरी पुस्तक आणून द्यायची. "हे वाचा आधी, हे जास्त चांगलं आहे." मला वाटलं, विसरली असेल. मी वाचणारी अशी सावकाश, मला तरी कुठे घाई होती.

पुढच्या एका शनिवारी दुकानात गेले तर काहीतरी वेगळं जाणवलं. गर्दी होती, नेहमीपेक्षा जास्तच. पण माणसं वहिनीशी बोलताना पुस्तकांकडे बघत होती, आणि ती दुसरीकडे वळली की तिच्याकडे बघत होती. ती गोदामात गेली तशा घाईबाई माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला.

"तुम्ही त्यांच्या नणंद ना? म्हणजे ते तुमचे सख्खे भाऊ?"

"हो."

"आणि तरी तुम्ही येता त्यांच्याकडे. मोठं मन हो तुमचं."

"कशाबद्दल म्हणताय?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात झटकन सोडला. "काही नाही. आपलं पुस्तकातलं," म्हणून त्या शेल्फाकडे सरकल्या.

गठ्ठा समोरच होता. मी एक प्रत घेतली, गल्ल्यावर पैसे टाकले आणि वहिनी बाहेर यायच्या आत निघाले. बसथांब्यावरच्या बाकावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी पुस्तक शेवटाकडून वाचायला सुरुवात केली, त्या शेवटआधींसारखी.

सापडायला वेळ लागला नाही. दवाखान्याची खोली. दुपार. खाटेशेजारी स्टुलावर बसलेली ती दुकानातली बाई, मांडीवर नवी कादंबरी. शनिवारी तिच्याबद्दल सांगायचं आहे आणि थोडीच राहिली आहे. खाटेवरचा माणूस म्हणतो, पाणी. बाई म्हणते, एवढं होऊ दे. तो पुन्हा म्हणतो. ती म्हणते, हो, देते. आणि वाचत राहते. प्रकरण संपवून ती मान वर करते तेव्हा पाण्याची गरज राहिलेली नसते.

लिहिलं होतं उत्तम. वाईट तेच. मी तिथे बसून रडले, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मी पुस्तकातल्या त्या बाईसाठी रडत होते. दादा मला त्या पानांत कुठे दिसलाच नव्हता. माझी बस आली, गेली. मला देवाचं नाव घ्यावंसं वाटलं, पण जिभेवर आलं ते रोजचंच वाक्य. त्याला काही मागायची वेळ आणली नाहीस, तुझे उपकार. ते वाक्य तोंडातच राहिलं.

त्याच संध्याकाळी वहिनीकडे गेले. फळीवर दादाचे पाने-पक्कड अजून ओळीने मांडलेले. मी पुस्तक ओट्यावर ठेवलं. तिने बघितलं आणि गॅस बंद केला.

"पाणी मागितलं होतं त्याने?"

"हो."

"आणि तू..."

"म्हटलं, एवढं होऊ दे. प्रकरण नव्हतं वन्सं. चार ओळी होत्या. सरांनी प्रकरण केलं."

"चार ओळी का होईनात."

"हो," ती म्हणाली. "चार ओळी का होईनात."

"मला सांगितलंस झोपेत गेला. आईला सांगितलंस."

"सासूबाईंना काय सांगणार होते? तुमचा मुलगा तहानलेला गेला, म्हणून?"

"आणि त्या परक्या माणसाला सांगितलंस!"

"कुणाला तरी सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता." ती भिंतीला टेकून खाली बसली. "ते गिऱ्हाईक. गेले असते तरी काय बिघडलं असतं?"

तेव्हा तिने मला तो आठवडा सांगितला. तिने रविवारी पुस्तक वाचायला घेतलं. ते पान आलं आणि मनात हिशोब सुरू झाला, कारण तिला प्रत्येकाच्या वाचण्याची चाल पाठ. घाईबाई आज संध्याकाळपर्यंत पोचतील. शेवटआधी तर काल दुकानातच पोचले. लिंबूकाका सकाळच्या चहाबरोबर ठरावीक पानं वाचतात, ते बुधवारी. कोण कधी येणार ते तिला आधी कळत होतं आणि थांबवता कुणालाच येत नव्हतं. त्यांच्या हातात पुस्तक दिलं होतं तिनेच, डोळे मिटून न्या म्हणून. फक्त एकीला थांबवता येण्यासारखं होतं, कारण ती सावकाश वाचते. म्हणून सोमवारी सकाळी माझ्या दारात.

सरांना तिने जाब विचारला होता. ते म्हणाले, "मॅडम, मी तुमचं नाव कुठे घातलंय?" आणि मग म्हणाले, "लेखकाने हात राखू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. मी विचारलं, "एवढं चांगलं होतं का गं ते? ज्याच्यासाठी थांबवलंस त्याला, ते पुस्तक?"

तिने ओट्यावरचं पुस्तक बाजूला सरकवलं. म्हणाली, "नाही. शेवट घाईत उरकला होता."

मी उठले आणि निघाले. नंतर कित्येक दिवस तिकडे फिरकले नाही.

सरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मालकांनी ठरवलं की सरांना बोलावायचं, त्यांनी प्रतींवर सह्या करायच्या आणि मॅडमनी टेबलाशी उभं राहून दोन शब्द बोलायचे. वहिनीने नाही म्हटलं असतं तर ते म्हणणारच होते, "अहो, लोक तुम्हालाच बघायला येतात. नुसतं उभं राहा." पण ती म्हणाली, बोलते. हे मला इस्त्रीवाल्याने सांगितलं. राग गेला नव्हता, खोटं कशाला सांगू. पण तिने त्या टेबलाशी एकटीने उभं राहावं हेही माझ्याने बघवेना. गेले आणि दाराशी उभी राहिले.

दुकान ओसंडून वाहत होतं. सर खुर्चीवर, पेन उघडून तयार. वहिनीने पुस्तक हातात घेतलं.

"मागच्या वेळी मी याची खोट सांगितली नाही," ती म्हणाली. "कारण मी शेवट वाचला नव्हता. न वाचता सांगितलं, ती चूक माझी. आज सांगते."

मालक हसायचं की नाही या विचारात.

"यातली बाई खरी आहे. ती अशीच वागली. चार ओळी इकडेतिकडे. लेखकाने तिच्या बाबतीत हात राखलेला नाही, आणि तसं लिहिलं म्हणून माझी तक्रार नाही. खोट अशी, की जो पाणी मागतो तो माणूस लिहायचा राहून गेलाय. त्याला तहान दिलीय आणि दुसरं काही दिलेलं नाही. तो काय काम करायचा ते नाही, कुणाचा भाऊ ते नाही. तो पंखे दुरुस्त करायचा. त्या खोलीतला पंखा कुरकुरत होता, तर आदल्या दिवशी मला म्हणाला, बेअरिंग गेलंय याचं, उठलो की बघतो. तो माणूस कुठे आहे यात? बाईला पुढे रडता यावं म्हणून तो मरतो. तेवढंच काम ठेवलंय त्याला." तिने पुस्तक मिटलं. "ही खोट लहान नाही. बाकी तुमचं तुम्ही ठरवा."

इतक्या दिवसांत दादाबद्दल कुणी बोललं होतं तर ती. मला वाटलं, आता सर मान खाली घालतील. आता लोक प्रती परत टेबलावर ठेवतील. तिचा शब्द आहे तो. आजवर कधी वाया गेलेला नाही.

लिंबूकाका चष्मा काढून पुसत होते. मागून घाईबाईंचा आवाज आला, "किती सुंदर बोलल्या!" आणि कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. सर खुर्चीतून उठले, हात जोडून म्हणाले, "मॅडम, माझ्या पुस्तकावर याहून चांगलं कुणी बोलणार नाही." मालकांनी गोदामाकडे बघून खूण केली, आणखी आणा. ज्यांच्याकडे प्रत होती त्यांनीही दुसरी घेतली, कुणाला तरी द्यायला. खोट ऐकली की पुस्तक हातात घ्यायचं, हे त्यांना तिनेच तर शिकवलं होतं.

"मॅडम, तुम्हीपण सही करा ना," एक मुलगी पेन पुढे करत म्हणाली. "ते पाण्याचं पान आहे ना, त्याच्यावर."

वहिनीने पेन घेतलं. त्याच्याकडे बघितलं. मग टेबलावर ठेवलं आणि खाली वाकून सुतळीचे तुकडे गोळा करायला लागली. सगळे तुकडे गोळा होईपर्यंत ती वर उठली नाही. तोवर टेबल रिकामं झालं होतं.

वहिनी अजून तिथेच कामाला आहे. दुसरं काय करणार? मी पुन्हा शनिवारी जायला लागले आहे. दुपारी मागे गोदामात बसून आम्ही दोघी डबा खातो. मी मागायच्या आत ती पाणी भरून ठेवते आणि मी पिते. त्या विषयावर आम्ही बोलत नाही. घरी प्रार्थनेला बसले की अजून दादापासूनच सुरुवात होते. देवा, माझ्या भावाला, एवढं म्हणते आणि थांबते. पुढचं मला सुचत नाही. मग तशीच बाकीच्या मागणीकडे वळते.

परवा टेबलावर निळ्या वेष्टनाची एक नवी कादंबरी होती. मी उचलली.

"कशी आहे गं?"

"चांगली आहे."

"खोट?"

ती दुसऱ्या गठ्ठ्याची सुतळी सोडत होती. वर न बघता म्हणाली, "वाचली नाही, वन्सं. शेवटाकडे आलं की नाही वाचवत आता. मग सुरुवात तरी कशाला करायची?"

तेवढ्यात लिंबूकाका आले. त्यांनी विचारलं, तिने त्यांनाही सांगितलं, चांगली आहे, न्या. ते थोडा वेळ उभे राहिले. पूर्वी अशा वेळी भांडले असते. आता मान हलवली, पुस्तक काखेत घेतलं आणि गेले.

हल्ली त्या टेबलावरची सगळी पुस्तकं चांगली असतात.